निशाणी ३१

आजी १९९४ साली गेली. तिची पत्र्याची पेटी त्यानंतर आमच्या घरात तशीच पडून होती. वर गोधड्यांची चळत, शेजारी बाजरीची कोठी. गेल्या दिवाळीआधी भावानं घर रंगवायला काढलं तेव्हा ती ओसरीवर आली आणि वहिनीनं मला हाक मारली, "ताई, हे तुम्हीच बघा." आत दोन लुगडी होती, चांदीचा एकच वाळा होता, कुंकवाचा करंडा होता, त्यातलं मेण वाळून खडखडीत झालेलं. आणि सगळ्यांच्या तळाशी तांबड्या सुती फडक्यात बांधलेले कागद.

कागद कोर्टाचे होते. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि "खरी नक्कल" ही अक्षरं. त्यातल्या तीन पानांच्या माथ्याशी लिहिलं होतं: वादी साक्षीदार नंबर १, निशाणी ३१. खाली आजीचं नाव. वय ३८. धंदा घरकाम व शेतकी. साल १९६७.

दाव्यात जो कागद दाखल होतो त्याला क्रमांक पडतो, त्याला कोर्टात निशाणी म्हणतात. दाव्याचा अर्ज म्हणजे निशाणी १. मनाई हुकमाचा अर्ज बहुधा निशाणी ५, इतका ठरलेला की वकील नुसतं "पाचचा अर्ज" म्हणतात. माझ्या आजीनं भरल्या कोर्टात उभं राहून जे सांगितलं ते निशाणी ३१ झालं. ती तीन पानं मी त्या रात्री चारदा वाचली. दिवाळीची सुटी संपून कोर्ट उघडलं त्या आठवड्यात मी तालुक्याला गेले, ती जागा बघायला.

गावाचं नाव लिहीत नाही. दाव्यातल्या दोन्ही घरांतली माणसं आजही तिथं आणि आसपास नांदतात, एकमेकांच्या लग्नाला जातात. तापीपासून फार लांब नसलेलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

नवं कोर्ट त्याच आवारात उभं आहे. तीन मजली, रॅम्प असलेलं, प्रत्येक मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह. ते हवंच होतं. आजी सांगायची, तारखेच्या दिवशी ती पहाटेपासून पाण्याचा घोट घेत नसे, कारण दिवसभर कुठं जायचं हा प्रश्न. तेव्हा नव्या इमारतीबद्दल माझ्या मनात काही नाही. मला जुनी बघायची होती.

ती बैठी आहे, काळ्या दगडाची. आमच्याकडं या दगडाला तोटा नाही. लळिंगच्या किल्ल्यापासून गावच्या पारापर्यंत सगळं याच फत्तराचं. चुन्याच्या दरजा, वर मंगलोरी कौलं, तिन्ही बाजूंनी व्हरांडा आणि व्हरांड्याला सागाचे खांब. छप्पर इतकं उंच की मान वर करावी लागते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जाणाऱ्या मुलखात बांधणाऱ्यानं हा विचार केलेला दिसतो. कार्यालयातल्या नाझर साहेबांना मी खरं काय ते सांगितलं, नक्कल दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, शिक्का बघितला, "तुमच्या आजी?" एवढंच विचारलं आणि पट्टेवाल्याकडं किल्ली दिली.

आत गेल्यावर आधी धुळीचा आणि जुन्या कागदाचा वास आला. मग डोळे सरावले. समोर हातभर उंच लाकडी चौथरा, न्यायाधीश बसायचे तो. त्यावर आता मोडक्या खुर्च्या आणि एक जुना टाइपरायटर. छताच्या तुळईला लोखंडी कड्या आहेत. त्या कशाच्या हे पट्टेवाल्यानं दाखवलं. वीज नव्हती तेव्हा त्या कड्यांना कापडी झालरीचा पंखा टांगलेला असे, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाई आणि व्हरांड्यात बसलेला माणूस ती दिवसभर ओढत राही. भोक अजून आहे. त्याच्या कडा दोरीच्या घासण्यानं गुळगुळीत झाल्या आहेत, विहिरीच्या काठावर होतात तशा. मी त्यात बोट घालून बघितलं. आत खटले चालत होते, बाहेर कुणीतरी आयुष्यभर ती दोरी ओढत होता. त्याचं नाव कुठल्या निशाणीत आलं असेल असं वाटत नाही.

कोपऱ्यात साक्षीदाराचा पिंजरा होता. लोक पिंजरा म्हणतात, असतो तो साधा लाकडी कठडा. तीन बाजू, चौथी उघडी. भिंतीला टेकवून ठेवला होता, म्हणून पट्टेवाल्याला विनंती करून आम्ही दोघांनी तो सरळ उभा केला. वरच्या आडव्या दांडीचं पॉलिश मधोमध पार गेलेलं, दोन तळवे ठेवले जातात नेमकं तिथं. बाकीचं लाकूड काळसर तपकिरी आणि ते दोन ठिपके फिकट, साळसूद, हाताला मऊ. किती माणसांनी घाम फुटलेले हात तिथं ठेवले असतील! मी आत उभी राहिले. दांडी माझ्या छातीशी आली. आजी माझ्याहून ठेंगणी. तिच्या गळ्याशी आली असेल.

*

बाबा लहानपणी आजीबरोबर इथं यायचे. पाच-सहा वर्षांचे असताना त्यांना वाटायचं, तारीख हे गावाचं नाव आहे. कारण घरात आजी म्हणायची, "माले तारीखवर जानं शे." मग पहाटे भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधायचा, एसटीनं जायचं, निंबाखाली बसायचं, संध्याकाळी परत. तारीख गावात एक मोठा निंब आहे, तिथं काळे कोट घातलेली माणसं राहतात, तिथं शेव-मुरमुरे मिळतात. मोठं झाल्यावरही बाबा कोर्टात जाताना म्हणायचे, "तारीखला जाऊन येतो."

दावा असा होता. आजीचे वडील १९६१ साली वारले. आई आधीच गेलेली. मागं बारा एकर वावर, एक विहीर, एक भाऊ आणि एक बहीण. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येऊन पाच वर्षं झालेली. त्या कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला होता, पण तो मुलाच्या बरोबरीचा नव्हता. वडिलार्जित एकत्र मिळकत असेल तर आधी बाप आणि मुलगा यांच्यात निम्मी निम्मी वाटणी झाली असं धरायचं, आणि मग बापाच्या निम्म्यात मुलगा आणि मुलगी सारखे. म्हणजे आजीचा हिस्सा चार आण्यांचा. कोर्टात अजूनही हिस्सा आण्यांत बोलतात, नाणं कधीच गेलं तरी. मिळकत सोळा आणे, बहिणीचे चार आणे, बारा एकरांतले तीन एकर.

आजी ते मागायला का गेली हे तिनं मला कधी नीट सांगितलं नाही. आजोबांचं कोरडवाहू दोन एकर होतं, चार मुलं होती, हे कारण पुरेसं आहे. पण गावात बहिणीनं भावावर दावा लावणं म्हणजे काय, हे खानदेशात वाढलेल्या बाईला सांगायला नको. बाबांचे मामा कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, म्हणाले की बहिणीनं वडील असतानाच हक्क सोडला आहे, आणि त्यांनी अंगठा असलेलं हक्कसोड पत्र हजर केलं. आजी म्हणाली, तो अंगठा माझा नाही. पुढं ते पत्र नोंदणीच्या मुद्द्यावरच पडलं. शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर कागद नोंदलेला हवा, १९०८ च्या नोंदणी कायद्याचं सतरावं कलम. अंगठा कोणाचा होता हे कोर्टाला ठरवावंच लागलं नाही. आजीला मात्र ते ठरायला हवं होतं. तिला त्याचं शेवटपर्यंत लागून राहिलं.

*

आता ती तीन पानं.

आजी अहिराणी बोलायची. तिला दुसरी भाषा येत नव्हती. समजायची, बोलता यायची नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी, जिच्यात अहिराणी धरतात, ही वेगळी भाषा म्हणून मोजली आहे आणि ती बोलणारे अठरा लाखांहून जास्त भरले. तरी कोर्टाच्या कागदावर ती कुठं भेटत नाही. निशाणी ३१ मराठीत आहे, आणि मराठीही अशी की कुणाच्याच घरात बोलत नसतील. "दावा मिळकतीत कडुलिंबाचे एक झाड आहे. ते माझे आईने लावले असे मला माहीत आहे."

हे वाक्य आजीनं मला शंभरदा सांगितलं आहे. ती म्हणायची, "तो निंब मन्ही मायनी लायेल शे." एवढंच. तिच्या वाक्यात "असे मला माहीत आहे" नाही. तिच्या वाक्याला शंकाच नाही. मायनं लावला आणि तो उभा आहे, "शे" म्हणजे आहे, आत्ता, या घडीला. कागदावर येता येता त्या "शे"चं माहिती असणं झालं, आणि ज्याची माहिती असते ती चुकीचीही असू शकते. समोरच्या वकिलांनी पुढं नेमकं तेच धरलं: "झाड लावले तेव्हा मी हजर होते हे खरे नाही." बरोबरच आहे, आजी तेव्हा जन्मली नव्हती. पण तिनं हजर असल्याचं सांगितलंच नव्हतं.

मी कोणाला दोष देत नाही. न्यायाधीश बाहेरच्या जिल्ह्यातले असणार, त्यांना अहिराणी कळत नसेल. मध्ये वकील उभे, "साहेब, म्हणजे ती असं म्हणते" असं सांगणारे. बाजूला कारकून. दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते की साक्ष कोर्टाच्या भाषेत लिहायची. खालच्या कोर्टांत ती भाषा मराठी. निकाल तेव्हा इंग्रजीत लिहीत. आजीच्या दाव्याचा निकाल अकरा पानांचा इंग्रजी आहे आणि तो गावच्या गुरुजींनी अंगणात बसून सगळ्यांना मराठीत सांगितला, म्हणजे तिचीच गोष्ट दोन भाषा फिरून तिच्याकडं परत आली. १९९८ साली सरकारी अधिसूचनेनं तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टांची भाषा मराठी ठरवली, ते चांगलं झालं. पण सातपुड्यातून उतरून आलेली पावरा आदिवासी बाई कठड्यात उभी राहते तेव्हा तिला मराठी आणि इंग्रजी सारखीच लांब.

उलटतपासाची भाषा तर आणखीच वेगळी. "हक्कसोड पत्रावरील अंगठा माझा असून मी खोटे सांगते हे म्हणणे खरे नाही." हे वाक्य कोणती बाई बोलेल? वकील विचारतात, "अंगठा तुझाच आहे ना, खोटं सांगतेस ना?" बाई मान हलवते, "नही." तेवढ्याचं हे वाक्य होतं. पानंच्या पानं अशी असतात: हे खरे नाही, ते खरे नाही, असे म्हणणे खरे नाही. मी वाचत गेले आणि प्रत्येक ठिकाणी मनातल्या मनात नुसतं "नही" ऐकत गेले, आजीच्या आवाजात.

मग तिसऱ्या पानावर, शेवटून सातव्या ओळीत, हे आहे:

"दावा दाखल केल्यापासून आखाजीस मी माहेरी गेले काय, या प्रश्नास साक्षीदार उत्तर देत नाही. रडते."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण तो नुसता साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त नाही. खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके टांगतात, घागर भरून पितरांना जेवू घालतात, खापरावरची पोळी आणि आमरस. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं, नवं सुरू होतं. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो. ज्या वर्षी तो येत नाही त्या वर्षी बाई दिवसभर वाटेकडं बघत असते आणि कामात आहे असं दाखवते. त्या वकिलांना हे पक्कं ठाऊक होतं, ते इथलेच. कायद्याच्या दृष्टीनं प्रश्नाचा दाव्याशी काही संबंध नव्हता. त्यांनी तो विचारला, कारण तो कुठं लागेल हे त्यांना माहीत होतं.

आणि न्यायाधीशांनी तो शेरा लिहून घेतला. संहितेतल्या अठराव्या आदेशाच्या बाराव्या नियमात तशी मुभा आहे, साक्षीदाराच्या वागण्याबद्दल महत्त्वाचं वाटेल ते नोंदवता येतं. बहुतेक जण ते लिहीत नाहीत, नुसतं "माहीत नाही" घालून पुढं जातात. यांनी लिहिलं. तीन पानांत आजी कुठं दिसत असेल तर या दोन वाक्यांत. बाकी सगळं भाषांतर आहे. गप्प राहण्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मी शाळेत असताना एकदा तिला विचारलं होतं, कोर्टात तू रडलीस का गं? बाबांकडून ऐकलं होतं मी. ती निंदायला बसली होती, विळा थांबला नाही. "काय सांगू व्हतं माय? भाऊ व्हता ना तो."

*

अपील धुळ्याला झालं, जिल्हा कोर्टात. म्हणून मग मी धुळ्यालाही गेले. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडं गेला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं धुळं हे मुख्य ठाणं केलं. तेव्हापासून या मुलखातला न्याय पांझरेच्या काठी होतो असं म्हणायला हरकत नाही. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले आणि जळगावला दुसरं ठाणं आलं. त्या सत्तेनं कोर्टं बांधली, कायदे छापले, हे खरं. पण तिचा पहिला न्याय तापीकाठी थाळनेरला झाला होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिस्लॉपनं थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम याला किल्ला पडल्यावर चौकशीशिवाय फासावर दिलं. त्यावर विलायतेच्या पार्लमेंटमध्येही टीका झाली. कोर्टाच्या दगडी व्हरांड्यात उभं राहिलं की मला तो किल्लेदार आठवतो. त्याची साक्ष कुणी घेतली नाही.

धुळ्याच्या कोर्टाशी लोकांनी जपलेली एक आठवण मात्र निराळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली एका खटल्याच्या कामानं इथं आले होते. त्या भेटीच्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भर पावसात माणसं लोटतात, लेकराबाळांसकट. वकील म्हणून आलेल्या माणसाची वाट लोक असे वर्षानुवर्षं चालतात, हे दुसरीकडं मी पाहिलेलं नाही.

आणि धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार. समोर बसून साने गुरुजी लिहून घेत होते. शब्द उच्चारला जातो आणि कागदावर उतरतो, त्या मधल्या जागेत काय काय सांडतं याचा विचार करताना मला गुरुजींचा हात दिसत राहतो. ते अमळनेरला शिक्षक होते, मुलांचं बोलणं ऐकायची सवय होती. लिहून घेणाऱ्याचं बोलणाऱ्यावर प्रेम असेल तर कमी सांडतं. कोर्टात तशी अपेक्षा करता येत नाही, करूही नये, तिथं लिहिणाऱ्याला कोणाचं होऊन चालत नाही. तरीही.

राजवाडे संशोधन मंडळात गेल्यावाचून मला परतवेना. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करत, ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले. जुन्या निवाड्यांबद्दल मी थोडंफार वाचलं आहे. मराठेशाहीत वतनाचा, शिवेचा, भाऊबंदकीचा तंटा गोतासमोर चाले, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार सगळे बसत, आणि निर्णयाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. ज्यांना अक्षर येत नसे ते आपल्या धंद्याची खूण काढत. कुणब्याचा नांगर. त्या खुणेलाही शब्द हाच, निशाणी. नांगराची निशाणी, अंगठ्याची निशाणी, निशाणी ३१. आजीच्या साक्षीखाली कारकुनानं लिहिलं आहे, "वाचून दाखविले, बरोबर आहे," आणि शेजारी "नि. डा. हा. आं.", म्हणजे निशाणी डाव्या हाताचा आंगठा. नकलेवर अंगठा नसतो, तेवढी अक्षरंच असतात.

अपिलात काही बदललं नाही. चार आणे कायम झाले. पण सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही, दिवाणी संहितेच्या चोपन्नाव्या कलमाखाली ते कलेक्टरकडं जातं, तिथून तहसीलकडं, मग मोजणी, मग सरस-निरस बघून तुकडे. चांगली जमीन आणि हलकी जमीन दोघांच्या वाट्याला सारखी यावी म्हणून ते सरस-निरस. आजीच्या तीन एकरांचे दगड १९७८ साली रोवले गेले. विहीर आणि निंब भावाच्या बाजूला राहिले.

*

मी स्वतः २०११ साली भावाच्या नावे हक्कसोड पत्र करून दिलं आहे. नोंदलेलं, रीतसर, दुय्यम निबंधकांसमोर, फोटो आणि दहा सेकंदांत अंगठा. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला होता आणि मला ते माहीत होतं. मला नोकरी होती, भावाला शेतीच होती. सही करताना मला त्रास झाला नाही. त्या दिवशी घरी पुरणपोळी होती आणि आखाजीला आजही भाऊ न चुकता फोन करतो. त्या तीन एकरांतलाही माझा भाग त्यात गेला. आजी असती तर तिनं काय म्हटलं असतं हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. कठड्यात उभी होते तेव्हाही तेच घोळत होतं. दांडीवरच्या त्या दोन फिकट ठिपक्यांवर मी हात ठेवले आणि मग काढून घेतले.

ही इमारत पाडणार आहेत असं कोणी म्हणालं नाही, ठेवणार आहेत असंही कोणी म्हणालं नाही. मला मनापासून वाटतं की ती राहावी आणि तो कठडा तिच्यात उभा राहावा. आजीचं नाव शाळेच्या दाखल्यावर नव्हतं, ती शाळेत गेलीच नाही. तिची कधी कोणी मुलाखत घेतली नाही, तिनं पत्र लिहिलं नाही. सातबाऱ्यावर ती आली तीसुद्धा या कोर्टामुळं. तिच्या पासष्ट वर्षांच्या आयुष्यात एकदाच, एका दुपारी, सरकारनं तिला नाव विचारलं, वय विचारलं, तू काय म्हणतेस ते सांग म्हटलं, आणि ती म्हणाली ते लिहून ठेवलं. चुकतमाकत, परक्या भाषेत, पण लिहून ठेवलं. ते याच छताखाली झालं. असं याच छताखाली किती जणींचं झालं असेल.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मी व्हरांड्यात थोडी टेकले. तिथल्या पूर्वेकडच्या सागाच्या खांबावर, कमरेच्या जरा वर, जांभळ्या-निळ्या डागांचा एक पट्टा आहे. आधी वाटलं रंग उडालाय. मग जवळून बघितलं. अंगठे. शाईच्या गादीवर दाबलेले, कागदावर उमटवून झालेले आणि येता येता खांबाला पुसलेले अंगठे, एकावर एक, इतके की खालचं लाकूड दिसत नाही. एखाद्याच्या रेषा अजून ओळखू येतात.

आवारातल्या निंबाखाली टाइप करणारे बसतात, आता लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन. एक म्हातारी त्यातल्या एकासमोर उकिडवी बसली होती, नातू असावा असा एक मुलगा मागं उभा. २००२ पासून दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे आपल्याच वकिलाच्या प्रश्नांना दिलेली साक्ष, तोंडी घेत नाहीत, वकिलांनी तयार केलेलं प्रतिज्ञापत्रच दाखल होतं. उलटतपासापुरतं काय ते कठड्यात. म्हणजे आजीला पहिली दोन पानं तरी स्वतःच्या तोंडानं सांगायला मिळाली होती. हिचं सगळं छापून तयार होतं आणि टाइप करणारा पोरगा ते तिला भराभर वाचून दाखवत होता. ती मान हलवत होती. एका ठिकाणी तिनं हात वर केला.

"काय म्हणना तू?"

"कडुलिंबाचे झाड," तो म्हणाला.

"निंब लिख, भो."

"आजी, कडुलिंब म्हणजे निंबच."

"त्ये माले ठाव शे. मी निंब म्हणेल शे ना? मंग निंब लिख."

पोरग्यानं नातवाकडं बघितलं, नातवानं खांदे उडवले. मी श्वास धरून बसले होते. पोरग्यानं स्क्रीनवर वर जाऊन शब्द खोडला, नवा घातला आणि पान पुन्हा छापलं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, वाचता येत नसूनही त्या ओळीपाशी बोट ठेवून विचारलं, "आठे?" तो म्हणाला, "हो, इथं." मग तिनं गादीवर अंगठा दाबला, कागदावर ठेवला, एका कडेनं दुसऱ्या कडेला सावकाश फिरवला आणि उचलला. उठून व्हरांड्यापाशी आली, खांबाला अंगठा पुसला, माझ्याकडं बघितलं.

"तू कोननी वं?"

मी आजीच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, तिथं तिची नणंद दिलेली आहे, आणि पदरानं बोटं पुसत माझ्या शेजारी पायरीवर बसली.